शिवेवर अडवलेला गाडा

खडवलीच्या पलीकडे, भातसा नदीच्या अंगाला पाच गावे होती आणि पाचांत मिळून एक वैद्य नव्हता. ही गोष्ट मी ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांना इतक्या वेळा ऐकवली, की पुढेपुढे मी दारात दिसलो की तेच म्हणत, "हां, तुमची पाच गावे!" मी तेव्हा कल्याणास हॉस्पिटल असिस्टंट होतो. त्या गावांची आजारी माणसे आमच्याकडे झोळीतून येत. दोन गडी, त्यांच्या खांद्यावर बांबू, बांबूला घोंगडी आणि घोंगडीत माणूस. आगगाडी होती, नाही असे नाही, पण मरणाऱ्या माणसाला डब्यात बसू देतो कोण? पहाटे निघालेली झोळी कल्याणास पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येई. मी घोंगडी बाजूला करून विचारायचो, शेवटचे कधी बोलला? गडी म्हणत, टिटवाळ्यापर्यंत बोलत होता. एकदा नव्हे, दोनदा नव्हे. शेवटीशेवटी झोळी लांबून दिसली की मी आधी दुसऱ्याच रोग्याकडे वळे.

आणि राग येई. कुणाचा ते कळत नसे, मग जो समोर सापडेल त्याच्यावर निघे. माझा स्वभाव तापट, हे लपवून उपयोग नाही. आमच्या घरात सौभाग्यवती तर म्हणत, "तुम्ही नाकावर माशी बसू देत नाही, तुमच्या दारात रोगी कसे उभे राहतात देव जाणे." पण त्या पाच गावांपायी मी साहेबापुढे गोगलगाय झालो. आर्जवे केली, अर्ज केले, अर्जांवर स्मरणपत्रे केली. अखेर साहेब कंटाळले. म्हणाले, "या उन्हाळ्यात जा. एक बैलगाडी घ्या, औषधांची पेटी घ्या, एक शिपाई घ्या. लोक औषध घेतात असे दिसले, तर पक्क्या दवाखान्याचे बघू." पाचांतल्या शेवटच्या गावात एक रिकामी धर्मशाळा होती. तिची ओसरी ऐसपैस होती. दवाखाना काढायचा तो तिथेच, असे मी मनाशी केव्हाच ठरवून टाकले होते.

चैत्रात निघालो. पहिल्याच गावात चावडीसमोर पेटी उघडली, तापाचे औषध पेल्यात कालवले आणि समोरच्या म्हाताऱ्याला म्हटले, घ्या. त्याने पेला पाहिला, मला पाहिले, शिपायाला पाहिले आणि विचारले, "पानी कोनी भरला?"

शिपाई होता घाटावरचा. त्याची जात त्या मुलखात कुणाला ठाऊक नव्हती, आणि मी सांगितली तरी कुणी खरे मानणार नव्हते. म्हातारा उठला. त्याच्यामागे सगळी चावडी उठली. दुसऱ्या गावात म्हणाले, आमच्या पाटलीणबाईंच्या हातचे पाणी घ्या. ते घेतले, तर तिथे औषधाला आलेले तिसऱ्या गावचे लोक म्हणाले, यांच्या घरचे पाणी आम्हांला चालत नाही. माझे डोकेच फिरले. तापाने अंगाची लाही होतेय, पोरांचे डोळे चिपडांनी मिटलेत, आणि हे लोक पाण्याचे कूळ विचारीत बसलेत! मी शिपायाला म्हटले, "जुंप बैल. मरू देत. कुणाच्या हातचं पाणी पिऊन मरायचं ते ठरवू दे त्यांना."

शिपाई माझ्यापेक्षा शहाणा. त्याने बैल जुंपले नाहीत. तोच म्हणाला, "साहेब, शिवरात्रीला हे पाचही गाव एकाच देवळात येतात म्हणं. मग तवा पानी कोन्चं पितात?"

मी उडालोच. पहिल्या गावात महादेवाचे देऊळ होते आणि देवळाला पायऱ्यांची विहीर होती. पाणी थंड, गोड. शिवरात्रीला पाचही गावे त्या विहिरीचे पाणी तीर्थ म्हणून ओंजळीने पीत. कुणाला विटाळ होत नसे. झाले तर मग! मी एक मोठा हंडा घेतला, त्याला आतून कल्हई करवली, गुरवाच्या हातून त्या विहिरीचे पाणी भरून घेतले, तोंडाला धुतलेले फडके बांधले आणि वर तुळशीची डहाळी ठेवली. गाड्यात पेटीशेजारी हंडा. दोनतीन दिवसांनी पाणी संपत आले की शिपाई गाडा घेऊन परत देवळापाशी जाई आणि गुरवाकडून भरून आणी. मी कुठल्याही गावात हंड्याकडे बोट दाखवायचो आणि म्हणायचो, "महादेवाचं पाणी आहे." लोक हात जोडून औषध घेत. साहेबांना मी मोठ्या दिमाखात तसे कळवले, आणि स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतली.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढे तिच्याशी काम आहे. प्रत्येक गावाला गावकुसाबाहेरची एक वस्ती होती. त्या माणसांना देवळाच्या आवारात पाय ठेवू देत नसत, मग त्या विहिरीचे पाणी कुठले? मी त्यांच्या हातावर पुड्या वरून सोडायचो आणि सांगायचो, तुमच्या झऱ्याच्या पाण्याबरोबर घ्या. हंड्यातले दिले असते तर बाकीचे गाव हंड्याकडे फिरकले नसते. मी हे निमूट केले. आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

तीन आठवडे झकास गेले. कोयनेलने ताप उतरले, मलमाने खरजा सुकल्या. लहान पोरे तर मागे लागत, कारण पुडी घशाखाली गेली की मी गुळाचा खडा देई. आणि मग वैशाखात पहिल्या गावात पटकी लागली.

ज्यांनी पटकी पाहिली नाही त्यांना काय सांगू? सकाळी नांगर खांद्यावर टाकून गेलेला माणूस उलट्या-ढाळांनी दुपारी ओळखू येत नाही. डोळे खोल, बोटे सुरकुतलेली, आवाज गेलेला. मी कापराचा अर्क दिला, अफूच्या गोळ्या दिल्या, हातपाय चोळले, शिव्या दिल्या, देवाला नवस बोललो. काही म्हणता काही चालेना. आम्हांला शिकवले होते की हा रोग बिघडलेल्या हवेतून पसरतो. म्हणून मी उकिरडे जाळले, घरोघर गंधकाची धुरी दिली. आणि औषध देताना हंड्यातलेच पाणी दिले, कारण नदी आटून तिचे डबके झाले होते आणि विहिरीचे पाणी दिसायला तरी आरशासारखे होते.

गावाने त्यांच्या रीतीप्रमाणे जरीमरीचा गाडा काढला. ही रीत अशी, की लाकडाचा लहानसा गाडा करायचा, त्यात पटकीची देवी बसवायची, हिरव्या बांगड्या, खण, नारळ, दहीभात ठेवायचा आणि वाजतगाजत गाडा गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. म्हणजे रोग त्या गाड्यातून जातो. पुढचे गाव घाबरून तो गाडा आपल्या पुढच्या शिवेवर ढकलते. मला हसू यायचे आणि चीडही यायची. रोग गाड्यात बसून जातो म्हणे! अडाणीपणाला काही सीमा आहे का?

रोग दुसऱ्या गावात गेला, तसा मीही माझा गाडा घेऊन गेलो. मग तिसऱ्या, मग चौथ्या. कधी मागल्या फेरीनंतर मी परत येईपर्यंत तो आलेला असे, कधी मी पोचल्यावर दोन दिवसांनी येई. मी झोपत नव्हतो, जेवत नव्हतो. साहेबांच्या संगतीने लागलेले चहाचे व्यसन तेवढे होते, त्या काळ्या, उकळून काढलेल्या चहावरच दिवस काढत होतो. चौथ्या गावात तर एका घरात बाप, लेक आणि सून तिघे माझ्यासमोर गेली, आणि मी गोठ्यात जाऊन बैलाच्या मानेवर डोके टेकून रडलो. गावकुसाबाहेरच्या वस्तीत मात्र फारसे कुणी दगावत नव्हते. ते माझ्या डोळ्यांना दिसत होते. मी मनाशी म्हटले, ती वस्ती वाऱ्याच्या अंगाला आहे. झाले, विचार तिथेच संपला.

शेवटचे, पाचवे गाव अजून कोरे होते. तिथे अजून कुणी आजारी नव्हते. मला वाटले, हे एक गाव तरी मी वाचवीन. रोगाच्या आधी औषध पोचेल, लोक पाहतील, धर्मशाळेत दवाखाना उभा राहील. माझ्या मनात तेवढेच उरले होते. हंडा ताजा भरून घेतला आणि निघालो.

शिवेवर बायका उभ्या होत्या. पुढे एक म्हातारी, काटक, कपाळावर मोठे गोंदण. ती गावची सुईण होती, पाच गावांतली निम्मी माणसे तिच्या हातांत जन्मलेली. तिचा मुलगा आणि सून आधीच वारले होते. सातआठ वर्षांची एक नात तेवढी उरली होती. म्हातारीने माझे बैल थांबवले. मला वाटले स्वागत आहे. तिने बैलांच्या पायांवर पाणी घातले, चाकांना हळदकुंकू लावले, हिरव्या बांगड्या आणि नारळ गाड्यात ठेवला, पदर पसरून नमस्कार केला आणि म्हणाली, "आये, आमचे गावान नको येव. अशीच पुढं जा."

मला काही क्षण उमजेच ना. मग उमजले, आणि टाळूपासून तळव्यापर्यंत आग झाली. सरकारच्या दवाखान्याला, मला, त्या बायांनी जरीमरी समजून ओटी भरली होती!

"म्हातारे, शुद्धीवर आहेस का?" मी ओरडलो. "मी डॉक्टर आहे!"

"ठाव हाय," ती शांतपणे म्हणाली. "पन तुमी त्या गावान गेलाव, तिकरं मानसं मेली. मंग दुसरे गावान गेलाव, तिकरं बी मेली. जिकरं तुमचा गाडा, तिकरं मरन. मी बघलेला हाय, डागदर. मना काय शिकवताव?"

"अगं, आग लागते तिथे माणूस पाणी घेऊन धावतो. मग पाण्यानंच आग लागली म्हणशील?"

"मना तुमचे सारखा बोलाला येत नाय," ती म्हणाली. "पन गाडा आत येवाचा नाय."

आणि ती चाकापुढे बसली. तिच्या मागे बाकीच्या बसल्या. मी चिडलो, धमक्या दिल्या, हातापाया पडायचा तेवढा राहिलो. ती हलली नाही. तो सगळा दिवस मी शिवेवरच्या चिंचेखाली दात खात बसून होतो आणि मनातल्या मनात म्हातारीला नाही नाही ते बोलत होतो. शिपाई माझी चिठ्ठी घेऊन पाटलाला भेटला. दुसऱ्या दिवशी पाटील आला, सरकारी कामात अडथळा म्हणजे काय ते त्याने बायकांना समजावले, आणि माझा गाडा गावात शिरला. मी जिंकलो.

गाव दारे लावून बसले होते. दोन दिवस धर्मशाळेत कुणी आले नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारीच आली, कडेवर नात. पोरीला रोज थंडीताप येत होता. दात वाजत होते, ओठ काळेनिळे पडले होते. म्हातारीचे सगळे झाडपाले करून झाले होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिचेबिगर मना कोन नाय."

मला आनंद झाला. हो, आनंद झाला, खोटे कशाला सांगू? आता ही वठणीवर आली, असे वाटले. मी कोयनेलची पुडी काढली. म्हातारीने कमरेची लहान लोटी पुढे केली. "आमचे झऱ्याचा पानी हाय. उकलून आनलेला हाय. चालंल?" बाळंतिणीला ती उकळलेले पाणी देई, तीच तिची सवय.

मी लोटी बाजूला सारली. "तुझं पाणी नको. देवाच्या विहिरीचं आहे इथं."

ते मी माझ्या हाताने दिले. कोयनेल कडू जहर, पोरीचे तोंड वाकडे झाले, मग ती घटाघटा पाणी प्यायली. पेला खाली ठेवून म्हणाली, "गोड हाय." आणि आणखी मागितले. मी दुसरा पेला भरला. वर गुळाचा खडा दिला. तेव्हा ती पहिल्यांदा हसली, पुढचे दोन दात नव्हते.

दुसऱ्या दिवशी ताप आला नाही. म्हातारी गावभर सांगत सुटली. संध्याकाळच्या आत धर्मशाळेच्या ओसरीवर बसायला जागा उरली नाही. कुणाला ताप, कुणाला खोकला, कुणाला काहीच नाही, नुसते डॉक्टरचे औषध बघायला आलेले. मी सगळ्यांना औषध दिले, सगळ्यांना हंड्यातले पाणी दिले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस तोच.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी धावत आली. पोरीला उलट्या आणि ढाळ लागले होते. मी घरात शिरलो आणि पाहताच कळले. काय काय केले ते लिहीत नाही, सगळे केले. पोरगी घोगऱ्या आवाजात एकच मागत होती, "ते गोड पानी." म्हातारीने माझ्याकडे पाहिले. मी शिपायाला पेला भरून आणायला सांगितला. थोडे पोटात राही, पुन्हा उलटून पडे. दुपार कलायच्या आधी ती गेली. तिची बोटे माझ्या अंगठ्याभोवती होती, ती मला एकेक करून सोडवावी लागली.

तोपर्यंत गावात आणखी चार घरांतून हाका आल्या होत्या. अंगणात माणसे जमली होती. म्हातारी रडत नव्हती. तिने मला विचारले, "डागदर, काय चुकला?"

तिने मला दोष दिला नव्हता. नुसते विचारले होते. पण मी चार रात्रींचा जागा, हरलेला, आणि आतून कुठेतरी शिवेवरचा तो अपमान अजून ठसठसत होता. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "तू चुकलीस! एक दिवस गाडा अडवून धरलास. एक दिवस आधी औषध पोटात गेलं असतं तर अंगात ताकद आली असती. पोर वाचली असती!"

ती खाली बसली. मी पेटी उचलून पुढच्या घरी गेलो.

त्याच दिवशी शिपाईही आजारी पडला. मग पाणी आणायला देवळापर्यंत जाणार कोण? हंडा रिकामा झाला तो रिकामाच राहिला, आणि आता पाणी कुणाचे हे विचारायचे त्राण गावात कुणाला उरले नव्हते. त्यांच्याच झऱ्याचे पाणी वापरू लागलो. आठवड्याभरात रोग ओसरला. शिपाई वाचला. मी साहेबांना लिहिले, औषधोपचाराने साथ आटोक्यात आली. सगळ्या गावाचे तेच मत झाले.

दवाखाना मंजूर झाला. त्याच धर्मशाळेत, त्याच ओसरीवर. मी बिऱ्हाड घेऊन तिथे गेलो आणि बरीच वर्षे राहिलो. आणि त्या दवाखान्यात माणसे आणली कुणी? म्हातारीने. बाळंतिणीचे दुखणे अडले की ती मला बोलावी, सहा महिन्यांच्या पोरांना देवी टोचायला आयांचे हात धरून आणी. कुणी टाळाटाळ केली की ती त्यांना गोष्ट सांगे. "मी एक दिस डागदरचा गाडा अडवला. माजी नात गेली. तुमी अडवू नका." मी आत पुड्या बांधत ऐकायचो. सुरुवातीला वाटायचे, बरे झाले, शहाणी झाली. पुढे ऐकायचीही सवय झाली.

बऱ्याच वर्षांनी ठाण्याला आम्हा सगळ्या असिस्टंटांना बोलावणे आले. नवे साहेब विलायतेहून आले होते. त्यांनी सांगितले की पटकीचा रोग हवेत नसतो, पाण्यात असतो. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवून एकेकाला दाखवले. स्वल्पविरामासारखे वाकडे बारीक जंतू. ते म्हणाले, पायऱ्यांच्या विहिरी वाईट, रोग्याची धुणी आणि पाय त्याच पाण्यात उतरतात. कुणीतरी विचारले, मग एका गावचा रोग दुसऱ्या गावात कसा जातो? साहेब म्हणाले, माणसे पाणी बरोबर नेतात.

मी काचेवरून डोळा काढला. शेजारचा म्हणाला, "काय हो, बरं नाही का?" मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. गावकुसाबाहेरच्या वस्त्या वाऱ्याच्या अंगाला नव्हत्या. तिथल्या माणसांना ते पाणी मिळत नव्हते, म्हणून ती जगली. म्हातारीने शिवेवर जे सांगितले ते अक्षर न् अक्षर खरे होते. जिकडे माझा गाडा, तिकडे मरण. दुसऱ्या गावापासून पाचव्यापर्यंत मीच गेलो होतो, महादेवाचे नाव घेऊन, तुळशीची डहाळी ठेवून. देवा रे, किती माणसे! आणि मी उकळलेला चहा पीत होतो, म्हणून वाचलो.

घरी आलो, जेवलो नाही. सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा सगळे सांगितले. त्यांनी माझे वाढलेले ताट झाकून ठेवले. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? ज्या बाईला एवढी वर्षं तुम्ही जाळत ठेवलंत, तिला जाऊन सांगा."

"तिला सांगितलं तर उद्या दवाखान्यात कोण येईल?" मी म्हटले.

"नाही येणार कदाचित," त्या म्हणाल्या. "म्हणून सांगणार नाही का?"

दोन दिवस मी धीर गोळा करीत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. म्हातारीला आता जवळजवळ दिसत नव्हते. अंगणात बसून ती चाचपडत तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "आजी, ऐक. तुझी नात तुझ्यामुळं नाही गेली. माझ्यामुळं गेली."

हंडा, विहीर, जंतू, झरा, सगळे सांगितले. तिची उकळलेली लोटी मी बाजूला सारली तेही सांगितले. "तू गाडा अडवलास तेच बरोबर होतं. मी आत आलो नसतो तर पोर आज पोरांची आई झाली असती. मी तुला सगळ्यांसमोर बोललो ते खोटं होतं. मला क्षमा कर, शिव्या दे, गावाला ओरडून सांग, काय वाटेल ते कर."

तिने निवडलेले तांदूळ गोळा केले. सूप बाजूला ठेवले. हात पुढे करून माझे तोंड चाचपले, ते ओले होते.

"डागदर," ती म्हणाली, "तुमी लय मायालू. म्हातारी मराला टेकली, तिचे जिवाचा भार हलका करावा म्हनून आलाव, व्हय?"

"नाही गं! खरं सांगतोय!"

"देवाचे विहिरीचा पानी ता. त्यान रोग कसा असंल? पोरीनं मागून मागून पिला, गोड हाय म्हनाली."

"त्याच पाण्यानं मेली ती!" मी ओरडलो. इतक्या जोरात, की शेजारच्या बाया दारात आल्या.

ती हसली. माझ्या पाठीवर हात फिरवीत म्हणाली, "वरडा, वरडा. तुमचा सवभाव मना ठाव हाय. पन माजा पाप माजेपाशी ऱ्हाव द्या. तुमी कनाला डोक्यावर घेताव?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर ती एका नव्या बाळंतिणीला सांगत होती, की आमचा डागदर बघ कसा, म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून माझा दोष आपल्या अंगावर घ्यायला आला होता. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त रोगी आले.

त्यानंतर मी तिला आणखी दोनदा सांगून पाहिले. दोन्ही वेळा तिने माझीच समजूत काढली. पुन्हा जायच्या आत ती गेली. पाचही गावांची माणसे तिला पोचवायला आली होती. वाटेत एका पोरसवद्या गड्याने विचारले, या म्हातारीचे आपले असे कुणीच कसे नाही? पुढे चालणाऱ्याने मान न वळवता सांगितले, "नात व्हती एक. हिनं एक दिस डागदरचा गाडा अडवला, म्हनून गेली." मी त्यांच्या मागेच चालत होतो.